भरवशाच्या रांगेतली ओदार्का हुमेन्यूक

ओदार्का हुमेन्यूक हिने एकतीस वर्षे कॅनडातल्या विनिपेगच्या धान्य तपासणी कार्यालयात गव्हाला दर्जा दिला. मालगाडीच्या प्रत्येक डब्यातून काढलेला नमुना तिच्यासमोरच्या काळ्या तबकात ओतला जाई. उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात ती तो बोटांनी पसरी आणि सांगे: पहिला, दुसरा, तिसरा. दर्जा उतरवायचा तर कारण लिहावे लागे: हिमाने सुरकुतलेला, मोड आलेला, ओलावा जास्त. नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद पिशवीत कित्येक महिने राखून ठेवला जाई. शेतकऱ्याला निर्णय मान्य नसेल तर ती पिशवी दुसऱ्या तपासनिसापुढे फोडली जाई, आणि ओदार्का चुकली असे ठरले तर तसेही लिहिले जाई. पुष्कळांनी तिला शिव्या दिल्या. कारण कळले नाही, अशी तक्रार मात्र कोणी केली नाही. हे आधीच सांगणे भाग आहे, कारण सदुसष्टाव्या वर्षी या बाईला जो संताप आला तो विमान चुकल्याचा नव्हता.

तिची थोरली बहीण तेक्ल्या लग्न होऊन अमेरिकेत मिनिॲपोलिसला गेली, तिथेच विधवा झाली आणि अखेर तिथल्याच एका वृद्धाश्रमात राहू लागली. तेक्ल्याची स्मृती सकाळी जागी असे. नऊ वाजता ती ओदार्काला नावाने हाक मारी, गावच्या शाळेतल्या शेगडीची आठवण काढी, मेलेल्या कुत्र्याचे नाव सांगे. अकरानंतर तिच्या डोळ्यांतून ओळख निघून जाई. मग ओदार्का तिच्या लेखी कधी नर्स असे, तर कधी नुसतीच कोणी बाई. म्हणून ओदार्का महिन्यातून एकदा सकाळी सहाच्या विमानाने जाई आणि संध्याकाळी परते. महामार्गावर गाडी चालवणे तिने सोडले होते आणि दर महिन्याला हॉटेलात उतरणे तिच्या पेन्शनीत बसत नव्हते. अमेरिकेची तपासणी विनिपेगच्याच विमानतळावर होते. एक काचेचे दार ओलांडले की आपल्याच गावात परक्या देशाचे अधिकारी उभे असतात. ते दार पहाटे साडेचारला उघडे. साडेचार ते सहा एवढ्या वेळात सामान्य रांग संपेल याचा भरवसा नसे. तिच्याजवळ मात्र विश्वासू प्रवाशाचे कार्ड होते. ते यंत्राला दाखवायचे, तीन-चार प्रश्नांना बोटाने उत्तर द्यायचे, चिठ्ठी घ्यायची आणि पुढे जायचे. तेक्ल्याची सकाळ त्या कार्डावर उभी होती.

अकरा वर्षांपूर्वी कार्डासाठी मुलाखत झाली तेव्हा टेबलामागे दोन्ही देशांचा एकेक अधिकारी बसला होता. बोटांचे ठसे घेऊन झाल्यावर त्यांनी विचारले होते, सीमेवरून कधी काही लपवून आणले आहे का. ओदार्काने प्रामाणिक उत्तर दिले.

"आणलंय. बारा वर्षांची होते. ग्रँड फोर्क्सहून आईचे नायलॉनचे मोजे, माझ्या कोटाच्या अस्तरात. आई म्हणाली, गप्प बस आणि आजारी दिस."

दोघेही हसले होते. अमेरिकन अधिकाऱ्याने विचारले, "मग दिसलात का आजारी?"

"खरीच झाले. भीतीनं."

तिला कार्ड मिळाले. आपल्याला पाहून, चाळून, कारणानिशी पहिला दर्जा दिला गेला आहे, असे ती समजली. विश्वास म्हणजे काय याविषयीची तिची कल्पना तबकावर घडली होती. तिथे विश्वासालाही पुरावा लागे आणि अविश्वासालाही.

तिच्या सदुसष्टाव्या वर्षी ईस्टरच्या रविवारी चर्चच्या तळघरातल्या सभागृहात टोपल्या ओळीने मांडल्या होत्या: पास्का नावाचे गोल गोड पाव, लाल रंगवलेली उकडलेली अंडी, लोणी, लसणाचे सॉसेज. फादरांनी पाणी शिंपडून सगळे आशीर्वादित केले. मग नेहमीप्रमाणे देवाणघेवाण झाली. प्रत्येक बाई आपल्या टोपलीतला तुकडा कापडात गुंडाळून शेजारणीच्या टोपलीत ठेवते, आणि आपल्या टोपलीत काय आले हे घरच्या पंगतीला बसेपर्यंत कोणी पाहत नाही. पाहणे म्हणजे हिशेब करणे. या अन्नाचा कणही कचऱ्यात जात नाही. अंड्याची टरफलेसुद्धा जाळतात किंवा बागेत पुरतात.

चर्चमध्ये जाणे तेक्ल्याला आता शक्य नव्हते, म्हणून ओदार्का सोमवारी पास्का घेऊन निघाली. मांस सीमेपलीकडे चालत नाही हे तिला ठाऊक होते, म्हणून आपले सॉसेज तिने रविवारीच बाजूला काढले. भरतकामाच्या कापडात बांधलेली पास्का तेवढी तिने गाठ न सोडता टोपलीतून पिशवीत ठेवली. ती गाठ बहिणीच्या टेबलावरच सोडायची होती.

यंत्राने विचारले: मांस, फळे, वनस्पती? तिने "नाही" वर बोट ठेवले. चिठ्ठीवर फुली उमटली. कधीमधी अशी कोणाचीही तपासणीसाठी निवड होते. शेजारच्या खोलीत एका तरुण अधिकाऱ्याने हातमोजे चढवून गाठ सोडली. पास्काखालच्या घडीत वीतभर सॉसेज होते.

"मॅम, ही पिशवी तुमची?"

"माझी."

"तुम्ही स्वतः भरलीत?"

"मीच भरली."

"मांस आहे का, असं यंत्रानं विचारलं होतं."

"हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी टोपलीत ठेवलेलं दिसतंय. आमच्यात तसं ठेवतात."

"पण तुम्हीच भरलीत म्हणालात."

"भरली मीच. उघडून पाहिली नाही."

तिची प्रत्येक ओळ खरी होती आणि प्रत्येक ओळ तिच्याविरुद्ध जात होती. अधिकारी उद्धट नव्हता. त्याने सॉसेज उलटसुलट करून पाहिले. घरचे होते, लेबल नव्हते. मग त्याने पायाने कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडले.

"तिथे नका टाकू," ओदार्का म्हणाली. "आशीर्वादाचं आहे ते. इकडे द्या, मी इथंच खाते."

"इथे खाता येत नाही, मॅम."

"मग मला बाहेर सोडा, कुणाला तरी देऊन येते."

"आता ते जप्त झालंय."

डब्याचे झाकण पडले. ओदार्का वाकली आणि तिने ते पुन्हा उघडले. आत हात घालण्यापूर्वीच तिला थांबवण्यात आले; पण वाकल्याची नोंद झाली. सूचनांचे पालन न करणे, असे त्याने लिहिले. सव्वासहा वाजता पास्का तिच्या हातात परत आली तेव्हा पावाच्या कडेला दोन बोटांचे ठसे होते आणि विमान गेलेले होते.

ती दुपारी पोचली. तेक्ल्या खिडकीशी बसली होती. पास्काकडे पाहून म्हणाली, "हे कुणाचं? माझी बहीण आणते असलं. ती येईल आता."

तीन आठवड्यांनी पत्र आले. आपले कार्ड रद्द करण्यात आले आहे; आपण या योजनेच्या पात्रतेचे निकष पूर्ण करत नाही. एवढेच. कोणता निकष, कोणत्या पुराव्यावरून, याचा एक शब्द नव्हता. सामान्य रांगेत तेच सॉसेज सापडले असते तर ते घेतले असते, समज दिली असती आणि बाईला सोडून दिले असते. तिथे माणूस चुकणारच, हे गृहीत धरलेले असते. ज्याला विश्वासू म्हणून वेगळे काढले त्यालाच पहिली चूक माफ नव्हती. या व्यवस्थेला विश्वास म्हणणे ही भाषेशी केलेली बेइमानी आहे, असे ओदार्काला वाटले, आणि ते तिने पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने जवळपास याच शब्दांत लिहिले.

पुढच्या महिन्यात ती सामान्य रांगेत उभी राहिली. पासपोर्ट यंत्रावर ठेवताच पडदा पिवळा झाला आणि तिला पुन्हा त्याच खोलीत नेण्यात आले. त्यानंतरच्या महिन्यातही तसेच. पिशवीत काही नसे. पडद्यामागच्या नोंदीत मात्र असे. तीन महिने ती दुपारीच पोचली, आणि तीन महिने तेक्ल्याने तिला औषधांच्या वेळा विचारल्या.

सॉसेज कोणी ठेवले हे शोधावे लागले नाही. समोरच्या घरात नवरा मेट्रोबरोबर राहणारी हाफिया, चाळीस वर्षांपासूनची शेजारीण, स्वतःच म्हणाली.

"अगं, मीच ठेवलं होतं, पास्काच्या कापडात सरकवून. मेट्रोनं सफरचंदाच्या लाकडाचा धूर दिला होता. म्हटलं, तेक्ल्याला आवडायचं."

"मग तेच लिहून दे. फेरविचाराचा अर्ज करतेय मी. चार ओळी पुरेत. अमुक दिवशी ओदार्काच्या टोपलीत तिला न सांगता मी ठेवलं, असं."

हाफियाने किटली पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

"नाव घालायचं का?"

"बिननावाचं पत्र कोण वाचतं?"

"नाव घातलं की ते माझं कार्ड बघणार."

"बघू देत. तू काय केलंयस?"

"तू तरी काय केलं होतंस?"

हाफिया कपाळावर आठी घालून बोलत राहिली. "चार महिने ॲरिझोनाला काढतो आम्ही, तुला माहीत आहे. इथल्या थंडीत मेट्रोच्या छातीची काय दशा होते तेही माहीत आहे. ऑक्सिजनची टाकी घेऊन त्याला दोन तास रांगेत उभं करू का? पिवळ्या खोलीत बसवू?"

"माझ्या बहिणीला सकाळ उरली नाही, हाफिया."

"तुझ्या बहिणीला आता तसंही काय..." हाफिया थांबली. "कॉफी घे. गार होतेय."

"गार होऊ दे."

ओदार्का कोट न घालता, तो हातात घेऊन रस्ता ओलांडून घरी आली. हाफिया खोटे बोलली असती, मी ठेवलेच नव्हते म्हणाली असती, तर बरे झाले असते. ती खरे बोलत होती. तिची भीती खरी होती, मेट्रोची छाती खरी होती, आणि कार्ड जाईल हेही बहुधा खरेच होते. चाळीस वर्षे एकमेकींच्या घराच्या किल्ल्या जवळ बाळगणाऱ्या दोन बायकांच्या मधोमध कोणी तरी एक काचेचे दार बसवले होते, आणि ते बसवायला कोणा अधिकाऱ्याला त्यांच्या गल्लीत यावेही लागले नव्हते. ओदार्काने हाफियाच्या घराची किल्ली खिळ्यावरून काढून खणात टाकली.

तिने अर्ज एकटीनेच केला. तपासनिसाच्या सवयीने परिच्छेदांना क्रमांक घातले आणि तीन गोष्टी विचारल्या: नियम कोणता, पुरावा कोणता, आणि जप्त केलेला नमुना कुठे राखून ठेवला आहे. उत्तर यायला सात महिने लागले. फेरविचारानंतर मूळ निर्णय कायम.

ते पत्र तिने तेक्ल्याला वाचून दाखवले. दुपारचे दोन वाजले होते.

"गव्हाचासुद्धा अर्धा भाग राखून ठेवायचो आम्ही," ओदार्का म्हणाली. "मातीत उगवलेल्या, तोंड नसलेल्या गव्हाचा. त्यालासुद्धा दुसऱ्यांदा विचारायचो."

तेक्ल्याने तिच्या हातावर हात ठेवला. "नर्स, तुम्ही रागावलात. वरिष्ठ काही बोलले का?"

"तेच बोलत नाहीत, तेक्ल्या."

"मग तुम्ही बोला. माझी बहीण फार बोलायची. सरकारी नोकरीत होती."

पुढचा ईस्टर आला. टोपल्या मांडल्या गेल्या, पाणी शिंपडून झाले. हाफिया ॲरिझोनाहून परतली होती. गाल उन्हाने तांबूस झाले होते. हातात बांधलेले छोटे कापड घेऊन ती ओदार्काच्या टोपलीपाशी आली आणि गेली चाळीस वर्षे जशी वाकत होती तशी वाकली. ओदार्काने टोपलीवर तळहात ठेवला.

"यात काय आहे?"

आजूबाजूच्या बायका वळून पाहू लागल्या.

"अगं, आशीर्वादाचं आहे," हाफिया हळू आवाजात म्हणाली.

"ते दिसतंय. काय आहे?"

"पाव."

"उघड."

हाफियाने गाठ सोडली. एका हाताने ती सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. पास्काची एक फोड होती आणि चिमूटभर मीठ. ओदार्काने फोड उचलली, उलटून खालची बाजू पाहिली, कापडाची घडी झटकली. आपला आवाज चढलेला नव्हता हे तिच्या लक्षात आले. तो सपाट होता, सभ्य होता, आणि तो कुठे ऐकलेला आहे हेही तिला समजले. त्या समजण्याने तिच्या अंगाची जी आग झाली ती दोन पत्रांनीही झाली नव्हती.

"ठेव आता," ती म्हणाली.

हाफियाने फोड ठेवली. तिचे डोळे भरले होते. "ख्रिस्त उठला," ती म्हणाली.

"खरोखर उठला," ओदार्काने रीतीप्रमाणे उत्तर दिले.

सोमवारी पहाटे पावणेपाचला पडदा पिवळा झाला. खोलीतला अधिकारी या वेळी दुसरा होता, पण प्रश्न तेच होते. पिशवी तुमची? स्वतः भरलीत?

"स्वतः."

"कुणी काही दिलंय का बरोबर न्यायला?"

"शेजारणीनं दिलंय. पाव आणि मीठ."

"नक्की एवढंच?"

"उघडून घेतलंय मी," ओदार्का म्हणाली. "चर्चमध्ये, चारचौघांसमोर. तुम्ही उघडता तसंच. आणखी काय शिकायचं राहिलंय माझं?"

प्रश्न नोंदीत बसणारा नव्हता. अधिकाऱ्याने हातमोजे चढवले आणि पिशवी आपल्याकडे ओढली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. ओदार्का हात मागे बांधून, ताठ उभी राहून, त्याची बोटे पाहत राहिली. तो फोड कशी उचलतो, खालची बाजू पाहतो की नाही, आणि कारण कुठे लिहितो.