एकटा वारस

आमच्या गल्लीतला टायपिस्ट सोलापूरच्या कोर्टाबाहेर बसतो. सही करण्याआधी तो प्रत्येकाला ॲफिडेव्हिट मोठ्याने वाचायला लावतो. "लॅटिन शब्द हाय, साहेब. अर्थ, 'त्याने शपथ घेतली आहे'. त्याने म्हंजे तुमी, मी न्हाय," असं हसत सांगतो.

वडिलांच्या घरासाठी मी त्याला सांगितलं, "लिहा, मी एकटाच वारस आहे." त्याचे हात थांबले.

"आन् मंद्रूपला दिलेल्या ताई?"

त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "तेवढं वाक्य तुमीच टाइप करा की."

मी केलं.

आजही भेटला की तो ताईची खुशाली विचारतो. आवाजात टोमणा नसतो. बरी आहे, म्हणतो मी. तिच्याशी बोलून मला तीन वर्षं झाली.