कुमुदिनीचा आग्नेय कोपरा

कुमुदिनी भोइटेने ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत घर घेतलं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही असं विचारणाऱ्यांना ती "जमलं नाही" एवढंच सांगते. मी तिची जुनी मैत्रीण, मीही तेवढंच सांगते, कारण मला इथे घराबद्दल लिहायचं आहे.

गल्लीच्या टोकाचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे सतरंजीएवढं अंगण. छप्पर पटियांचं, म्हणजे इकडच्या जुन्या घरांना असतं तसं, या भिंतीवरून त्या भिंतीवर टेकवलेल्या लांब दगडी फळ्यांचं. पैसे तिचे, कागद तिच्या नावाचे. पाटबंधारे खात्यात ती ट्रेसर होती. इंजिनियरांनी काढलेले कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवण्यात तिची तीस वर्षं गेली. कुठली रेघ चुकली आहे ते तिला इंजिनियरच्या आधी दिसायचं. चूक झाली ती स्वतःच्या वास्तुशांतीत, आणि ती आपल्याच माणसांवर विश्वास टाकल्यामुळे होते तशी होती.

गोपाळकृष्ण गुरुजींनी सांगितलं, वास्तूला दांपत्य बसावं लागतं. कुमुदिनी म्हणाली, मग हेमेंद्र आणि विनिता बसतील, त्यात काय! हेमेंद्र तिचा धाकटा भाऊ, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. तो सोवळं नेसून पाटावर बसला, विनिता शालू नेसून शेजारी. संकल्प हेमेंद्रच्या नावाने सुटला. त्यानेच स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात तांब्याची डबी पुरली, आत वास्तुपुरुषाची प्रतिमा आणि सात धान्यं. त्या वेळी घराची मालकीण आत बासुंदी ढवळत होती. मी तिथे होते. बासुंदी दोन वाट्या खाल्ली आणि एक अक्षर बोलले नाही. हे मला अजून खटकतं, म्हणून लिहून टाकलं.

त्या दिवसापासून हेमेंद्रला एक वाक्य मिळालं. "आम्ही वास्तूला बसलोय."

पलंग खिडकीशी नको, कारण आम्ही वास्तूला बसलोय. पुढच्या खोलीत पाहुणे उतरतील, कारण आम्ही वास्तूला बसलोय. तो आपल्या मित्रांना घेऊन यायचा आणि अंगणापर्यंत फिरवून आणायचा, "ये अपना छावनी वाला मकान है." कुमुदिनी चहा करायची. नोकरी होती, वेळ नव्हता, भांडण नको होतं. अशी सहा वर्षं गेली.

मग ती निवृत्त झाली, आणि दिवसभर घरात राहिल्यावर घर तिला दिसायला लागलं.

पहिलं तिने छप्पर धरलं. मृगाच्या आधीच, कारण दर पावसाळ्यात पटियांच्या सांध्यांतून पाणी गळायचं आणि पलंग खोलीभर फिरायचा. डांबराची पट्टी मारून मोकळं व्हा, असं सगळे म्हणाले. तिने एक म्हातारा मिस्त्री शोधून काढला. चुना, गूळ आणि बेलाचा गर आठ दिवस भिजवून, कुटून त्याने सांधे भरले. अंगणात गुळाचा वास आणि मुंग्यांची जत्रा.

हेमेंद्र आला, वर बघून म्हणाला, "अक्का, अगं कशाला एवढा खटाटोप? सौरवला पुढे पाडायचंच आहे हे."

सौरव म्हणजे त्याचा मुलगा. 'पुढे' म्हणजे कधी, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. ती जिवंत बाई समोर शिडी धरून उभी होती आणि हा तिच्यानंतरच्या घराचा विचार मोठ्याने करत होता.

"पुढे पाडताना कोरडं पाडा," कुमुदिनी म्हणाली. "शिडी धर जरा."

त्या पावसाळ्यात एक थेंब गळला नाही. ती मला मुद्दाम भर पावसात बोलावून खोलीच्या मधोमध बसवायची. बघ, म्हणायची. मी काय बघणार? कोरडी सतरंजी.

दिवाळीला तिने बाहेरची भिंत पिवळी केली. फिकट बिकट नाही, चांगली हळदीसारखी. नया बाज़ारातल्या दुकानदाराने तीनदा विचारलं, "पक्का?" हेमेंद्र म्हणाला, "रेल्वे स्टेशनची पाटी वाटते." कुमुदिनी म्हणाली, "बरंय की. ज्याला उतरायचं नाही त्याने पुढे जावं."

पण तिचं मला खरं आवडलेलं काम म्हणजे खिडकीचं. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. पौषात आठ-आठ दिवस धुकं, आणि ऊन पडलं तरी तिच्या मागच्या खोलीत येत नसे. तिने घाई केली नाही. वर्षभर दर पंधरा दिवसांनी छतावर एक काठी उभी करून दुपारची सावली मोजली, अंगणाच्या भिंतीवर खडूने खुणा केल्या, आणि जुन्या सवयीने सगळं ट्रेसिंगच्या कागदावर उतरवलं. पौषातलं ऊन नेमकं कुठून आत येऊ शकेल, तेवढाच चौकोन तिने दक्षिणेच्या भिंतीत काढला.

"दक्षिणेला खिडकी?" हेमेंद्रचा आवाज चढला. "यमाची दिशा ती! आम्ही वास्तूला बसलोय, आम्हाला लागेल ते."

"तू हजिऱ्याला राहतोस, चौथ्या मजल्यावर. यमाला लिफ्टने यावं लागेल."

भिंत फोडली. त्या पौषात तिच्या पलंगावर सव्वाअकरा ते तीन ऊन होतं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर चढला की तीच खिडकी सावलीत, कारण वरचा दगडी छज्जा तिने बोटांवर हिशेब करून बसवला होता. पश्चिमेला मधुमालती चढवली, जेठात दाराला वाळ्याची ताटी. पंचेचाळीस अंशांत त्या खोलीत बसून मी पेपर तपासले आहेत, आणि चिडचिड न करता तपासले आहेत, यावरून काय ते समजा.

अशी वर्षं गेली. एका ऋतूत एक काम, त्याहून जास्त नाही. तिचं म्हणणं असं की घराला प्रत्येक ऋतूत एकदा विचारावं, तुला कुठे दुखतंय? मग तेवढंच करावं. मला हे जरा जास्त वाटतं, पण घर तिचं आहे.

शेवटी राहिलं स्वयंपाकघर. जमीन खचली होती. ओट्याखाली पाणी साचायचं, आणि एकदा ती तिथेच घसरून पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे डाव्या हाताने पोळ्या लाटल्या. प्लास्टर निघाल्यावर गेल्या कार्तिकात तिने मिस्त्री बोलावला. जुना म्हातारा आता नव्हता, हा त्याचा जावई. कुमुदिनीने नकाशा पुढे ठेवला: सगळी फरशी काढायची, मोरीकडे ढाळ द्यायचा, लाल दगड नवा बसवायचा. त्याने मान डोलावली, छिन्नी काढली, तीन ओळी उचलल्या, आणि आग्नेय कोपऱ्याशी आल्यावर थांबला.

"बहनजी, ये कोना... भाईसाहब से पूछ लें?"

"कौन से भाईसाहब?"

"आपके भाईसाहब. उन्होंने नंबर दे रखा है. बोले थे, कोने को हाथ लगाने से पहले फ़ोन करना."

कुमुदिनी मला नंतर म्हणाली, मनगट मोडलं तेव्हासुद्धा इतकं लागलं नव्हतं. तिच्या घरात, तिच्या मजुरीवर आलेला माणूस, तिच्या हातातला नकाशा बघत, परवानगी मागत होता दुसऱ्याची. तिने त्याला सांगितलं, "करो फ़ोन. बुला ही लो उन्हें."

तासाभरात हेमेंद्र आणि सौरव हजर. तोवर तिने मलाही बोलावून घेतलं होतं. सौरव वाईट मुलगा नाही. गोड बोलतो, आत्याच्या पाया पडतो, आणि बगलेत कायम एक गुंडाळी असते. त्या दिवशी ती गुंडाळी उघडली.

"आत्या, बुरा मत मानना, पण तू उगाच खर्च करतेस. हे बघ ना, मी ड्रॉइंग बनवून घेतलंय. खाली पार्किंग, वर तीन फ्लोर. आणि तुझ्यासाठी ग्राउंडलाच एक रूम, अटैच बाथ. सीढ़ी चढ़ने का झंझट ही नहीं."

कुमुदिनीने चष्मा लावला. तीस वर्षं नकाशे वाचलेली बाई, एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"या खोलीला खिडकी कुठाय?"

"खिडकी... तिकडे गाड़ियाँ राहतील ना आत्या. एग्ज़ॉस्ट लगेगा."

"म्हणजे मी गाड्यांच्या मधे. आणि दार इतकंच? यातून माझा पलंग आत जात नाही."

"फोल्डिंग वाला ले लेंगे."

"आणि हे घर पाडणार कधी? माझ्यानंतर की माझ्यासकट?"

सौरव बापाकडे बघायला लागला. हेमेंद्रने विषय बदलला. आवाजही बदलला. "अक्का, ते राहू दे. पण हा कोपरा नाही उखडायचा. इथली वास्तू मी माझ्या हाताने पुरली आहे. संकल्प माझ्या नावाचा आहे. ती उचलायचा अधिकार माझा."

"खरं आहे," कुमुदिनी म्हणाली.

तो गोंधळला. मीही.

ती खाली बसली, मिस्त्रीच्या हातातून सब्बल, म्हणजे पहार, घेतली, आणि चांगल्या मनगटावर जोर देऊन ती शेवटची फरशी उचकटली. मिस्त्री रामराम म्हणत मागे सरकला. खालची माती बोटांनी बाजूला केली. तांब्याची डबी हिरवी पडली होती. तिने ती पदराने पुसली आणि हेमेंद्रच्या पुढे धरली.

"घे. तुझी वास्तू. ने तुझ्या घरी."

"अक्का! असं कुणी करतं का?"

"तुझी आहे ना? संकल्प तुझा, हात तुझा. मग माझ्या घरात का राहते ती? ने, आणि पूर तुझ्या आग्नेयेला."

हेमेंद्रच्या चौथ्या मजल्यावर पुरायला जमीनच नाही. फरशीखाली तिसऱ्या मजल्यावरच्यांचा पंखा आहे. सौरवच्या तोंडावर हसू येऊन गेलं, त्याने ते खोकून गिळलं. हेमेंद्रने हात पुढे केला नाही.

"तू आम्हाला तोडतेस," तो म्हणाला.

"डबी नेत नसशील तर ती माझी झाली. आणि ते वाक्य पुन्हा या घरात बोलायचं नाही. माझ्यानंतर काय करायचं ते मी ठरवीन, आणि ठरलं की सगळ्यांच्या आधी तुलाच सांगेन. अजून ठरलेलं नाही. चहा घेणार?"

त्याने घेतला नाही. सौरव गुंडाळी घेऊन मागोमाग गेला. कुमुदिनी चहा टाकायला उठली आणि मिस्त्रीला म्हणाली, "वो नंबर मिटा दो मोबाइल से. मेरे सामने." त्याने मिटवला.

दुसऱ्या दिवशी गोपाळकृष्ण गुरुजींना बोलावलं. आता ऐंशीच्या घरातले, पण कान शाबूत.

"मला वास्तूला बसायचंय. एकटीला."

"कुमुदिनीबाई, दांपत्य लागतं हो."

"एकट्या बाईने बसू नये असं कुठे लिहिलंय? दाखवा, मी वाचते."

"लिहिलं आहे असं नाही... पद्धत नाही."

"म्हणजे तुमच्यासमोर आजवर कुणी बसली नाही, एवढंच ना?"

गुरुजींनी मान वर करून पटियांचे सांधे बघितले. मग म्हणाले, "छप्पर कोणी केलं हे?"

"मी."

"ती खिडकी?"

"मी."

"शेजारी पाट मांडू नका मग. रिकामा पाट वाईट दिसतो."

मार्गशीर्षात, फरशी बसायच्या आदल्या दिवशी, ती एका पाटावर बसली. डबीतल्या जुन्या धान्याची माती झाली होती; ती मधुमालतीच्या मुळाशी टाकली, नवं धान्य भरलं. गुरुजींनी संकल्पात नाव घेतलं, कुमुदिनी, आणि क्षणभर अडखळले. जिभेला सवय नव्हती. तिने आवाज चढवून स्वतःच पुढचं म्हटलं, बापाचं गोत्र, स्वतःचं नाव, या जागेचं नाव. डबी आपल्या हाताने ठेवली, वर माती लोटली. बासुंदी त्या दिवशी मी ढवळली, आणि खाली लागली.

हेमेंद्र आला नाही. संक्रांत गेली, होळी गेली, रंगपंचमी गेली. भाऊ नाही आला तर बहिणीला काही वाटत नाही असं कुणी समजू नये. ती फोनकडे बघायची. पण फोन केला नाही, आणि मीही तिला कर म्हटलं नाही.

चैत्रात तिने गौर बसवली. आरास दक्षिणेच्या खिडकीत: कलिंगडाचं कमळ, कैऱ्या, मधुमालतीचे घोस. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी विनिता आली, एकटी. सरळ स्वयंपाकघरात गेली, चप्पल न घालता नव्या दगडावरून चालत मोरीपर्यंत जाऊन आली.

"ढाळ छान काढलाय, वन्सं. पाणी थांबतच नसेल."

"बस. आंब्याची डाळ घे. पन्हं देऊ?"

"द्या." मग पेला हातात घेऊन, हळूच, "हे बाहेर गाडीत बसलेत."

"उन्हात?"

"एसी लावलाय."

"बसू दे मग." कुमुदिनीने स्टीलचा मोठा डबा काढला, डाळ दाबून भरली, वर कोथिंबीर, वर झाकण. "त्याला लहानपणापासून आवडते. पण डबा परत तू आणायचा नाहीस. सौरवकडूनही पाठवायचा नाही. त्याने स्वतः आणायचा, आणि दारात उभं राहून माझ्या हातात द्यायचा."

विनिता हसली. "वन्सं, तुम्ही पण ना!"

डबा अजून आलेला नाही. कुमुदिनी म्हणते, स्टीलचा आहे, खराब होत नाही. आणि या पावसाळ्याआधी तिला छतावर जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या रुंद करून घ्यायच्या आहेत, गुडघे बोलायला लागलेत म्हणून. नकाशा तयार आहे.