सव्वा मूठ

परदेशातल्या निर्वासितांच्या छावणीत वर्षभर नर्स म्हणून जायचं ठरलं, तेव्हा संस्थेनं एक फॉर्म पाठवला. लसी टोचून झाल्या होत्या, बॅग भरली होती. अडलं ते या फॉर्मवर. तुमचं काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, देह कुठे पाठवायचा, आणि शेवटी एक रकाना. तुम्हाला कुणी पळवून नेलं, तर तुम्ही जिवंत आहात हे ओळखायला आम्ही कोणता प्रश्न विचारायचा? उत्तर तुमच्या घराबाहेर कुणाला माहीत नसावं.

एरंडोलजवळच्या आमच्या घरी मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. आबा, म्हणजे माझे वडील, "आपला घरमा असा कागद कोनी भरत नही," म्हणून उठून ओट्यावर जाऊन बसले. पुण्याच्या भावाला फोन लावला, तर तो म्हणाला, "अक्का, असलं अभद्र कशाला लिहितेस? आणि जायची गरजच काय?" जळगावच्या दवाखान्यात पंधरा वर्षं ड्युट्या करून हे घर मी सांभाळलं, तेव्हा गरज कुणी विचारली नव्हती. डोकं फिरलं होतं, त्या तिरमिरीतच लिहिलं: ‘आमच्या घरी कानबाईच्या रोटाला किती जणांची मूठ घेतात?’ उत्तर: तीन.

श्रावणात आमच्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे. आबांची, भावाची आणि त्याच्या मुलाची, म्हणजे माझ्या भाच्याची. भाऊ चार वर्षांत कानबाईला फिरकलेला नाही, आणि भाच्याला कानबाई कोण हे ठाऊक नाही. त्यांची मूठ मात्र चुकत नाही. गहू निवडायचे मी, दळून आणायचे मी, रोट भाजायचे मी. लहानपणी एकदा विचारलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, "बाईमानूसनी मूठ नही ऱ्हास." पुन्हा विचारलं नाही, पण विसरलेही नाही.

त्या वर्षी कानबाईच्या आठ दिवस आधी मी निघाले.

छावणीत धान्य वाटताना आम्ही माणसं मोजायचो. काल जन्मलेली मुलगीसुद्धा मोजायची. रेशनचं कार्ड घरातल्या बाईच्या नावानं निघायचं. पहिल्यांदा ते कार्ड हातात घेतलं तेव्हा कौतुक वगैरे काही वाटलं नाही, अंगाचा तिळपापड झाला. ताडपत्रीच्या तंबूत जे जमत होतं, ते आमच्या चिरेबंदी घरात जमत नव्हतं.

परतले ती पुढच्या श्रावणात. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला होता, ‘गावाची कन्या’. शुभेच्छुकांचे फोटो माझ्यापेक्षा मोठे. सत्काराची शाल आबांच्या खांद्यावर घातली, मुलीचे वडील म्हणून. मी शेजारी नारळ धरून उभी. आबा छान हसत होते.

रोटाच्या दिवशी आई सूप घेऊन बसली. आबांची मूठ, भावाची, भाच्याची. मग तिनं गव्हाच्या डब्याला झाकण लावलं.

"माझी?" मी विचारलं.

आईनं सुपातले गहू हातानं सारखे केले. मग सुपाकडे बघत म्हणाली, "मांगला साले लियेल व्हती तुनी. तू सुखरूप येवाले पाह्यजे म्हनीसन. आते तू घर येल शे ना."

म्हणजे गेल्या वर्षी चार मुठी. तिकडे मला कुणी डांबून ठेवलं असतं, तर मी तीन म्हटलं असतं. फॉर्मवरही तीनच होतं. आणि ते चूक होतं. घरात माझी मोजणी व्हायची असेल तर मला पळवून नेण्याची भीती असायला हवी, मी समुद्रापलीकडे असायला हवी. रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या बाईची मूठ नाही.

मी झाकण काढलं, मूठभर गहू घेतले, वर आणखी पाव मूठ घेतले आणि सुपात टाकले.

आईनं दाराकडे पाहिलं. आबा ओट्यावर होते.

"यंदाही घेतलीस असं सांग त्यांना," मी म्हणाले.

"हळू बोल, त्यासले ऐकू जाई."

मी हळू बोलले नाही.