सरनोबतांची चिंचपेटी

त्र्यंबककाका कुणाच्या घरी कामाला गेले की आधी दोन्ही हात टेबलावर ठेवतात. त्यांच्या शर्टाला खिसा नसतो. शिंपी त्यांना तसेच शिवून देतो. जुने दागिने, चांदीची भांडी, समया, तलवारी हातात घेऊन त्यांची खरी किंमत सांगायची, हा त्यांचा धंदा. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत वाटणी निघाली की एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा काकांना बोलवायला एकत्र येतात. किंमत सांगेपर्यंत काका त्या घरचा चहा घेत नाहीत. "चहा पोटात गेला की माल भारी दिसायला लागतो," म्हणतात.

माझी मैथिली इतिहासात एम.ए. करून त्यांच्या हाताखाली लागली तेव्हाच मला धाकधूक होती. मिस्टरांना म्हटलं होतं, शिरोलीला तुमच्या फौंड्रीच्या ऑफिसात चिकटवा तिला, लोकांच्या सोन्यात हात घालायचं काम नको. ते म्हणाले, "तुला ती स्कूटरवरून जाते त्याचीही काळजी, बसनं जाते त्याचीही काळजी." आहेच. माझा स्वभावच तसा. पण आषाढात जे झालं ते माझ्या स्वभावामुळे झालं नाही.

गगनबावड्याच्या रस्त्यावर सरनोबतांचं घर आहे. थोरले अमरसिंह शेती आणि डेअरी बघतात, धाकटे यशराज पुण्यात असतात. आई गेल्यावर दोघांनी घरातल्या दागिन्यांची वाटणी करायचं ठरवलं. त्यात सगळ्यात जुनी होती ती चिंचपेटी, म्हणजे गळ्यालगत बसणारा मोत्यांचा दागिना, मधे लाल खड्यांच्या सोन्याच्या पेट्या. काका आणि मैथिली गेले. मैथिलीनं ती खिडकीपाशी नेऊन फोटो काढले. मग गाडीत राहिलेला वजनकाटा आणायला ती रेनकोट चढवून बाहेर जाऊन आली. काकांनी चिंचपेटी हातात घेतली, एक मोती दातावर घासला आणि सरळ सांगितलं, "ही खोटी आहे. मोती काचेचे, पेट्यांना नुसता मुलामा."

अमरसिंह उठून उभे राहिले. गेल्या वर्षीच्या गौरीचा फोटो त्यांनी मोबाइलवर मोठा करून दाखवला. गौरीच्या गळ्यात हीच चिंचपेटी, पण कडेचा एक मोती चहाच्या रंगाचा, काळपट. आता टेबलावर होती तिचे सगळे मोती पांढरेशुभ्र.

"ह्यो मोती कुठं गेला, काका? गौरीला खरी हुती. तवापास्नं डबा कपाटात, आन् किल्ली माझ्या कमरंला. आज तुमची पोरगी खिडकीकडं घिऊन गेली, मग भाईर जाऊन आली. आता खोटी म्हनताय व्हय?"

काका म्हणाले, "झडती घ्या."

"भाईर गाडीत टाकल्यावर झडतीत काय घावनार, दगुड?"

गाडीही तपासली. काही निघालं नाही. तरी अमरसिंहांनी निक्षून सांगितलं, "गौरी-गणपती हुईस्तवर वाट बघतो. चिंचपेटी परत आली तर ठीक, न्हाय तर पोरीच्या नावानं पोलिसात तक्रार."

नाव मैथिलीचं. काकांचं नाही, त्यांना सगळे ओळखतात. मैथिलीचं.

गोष्ट गावभर व्हायला वेळ लागत नाही. राजारामपुरीतल्या एका घरानं काकांना कळवलं, एकटे या. काकांनी ते काम सोडलं. दुसऱ्या एका घरी दोघं गेले, तर दारातच, कुणी काही म्हणायच्या आत, मैथिलीनं आपली पर्स उलटी करून दाखवली. कंगवा, रुमाल, गोळ्यांची पट्टी, सगळं पायरीवर. हे मला काकांनी सांगितलं. ती नाही बोलली. त्या दिवसापासून मला घरात एका जागी बसवेना. कुकर लावायचा आणि शिट्टी व्हायच्या आधी गॅलरीत जायचं. रस्त्यावर पोलिसाची गाडी दिसली की ती वळेपर्यंत तिथंच उभी. मी तिला म्हटलं, सोड हे काम. ती म्हणाली, "आत्ता सोडलं तर मीच घेतली असं होईल, आई." बरोबरच होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

गणपती बसायच्या आधी काका आमच्याकडे आले. आमच्याकडे ते चहा घेतात, दोन कप. मी त्यांना बोलायला कमी केलं नाही.

"तुमचं काय जातंय? उद्या तिच्या लग्नाचं बघायला गेलो की पहिला प्रश्न हाच येणार."

"वहिनी, ऐका तरी. मी खोटी म्हणालो तेव्हा त्या खोलीतली सगळी माणसं चिंचपेटीवर वाकली. थोरली सून वाकली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली."

थोरली सून म्हणजे अमरसिंहांची बायको, संयोगिता.

"मग हे पोलिसांना सांगा."

"काय सांगू? बाई वाकली नाही म्हणून आत टाका?" काकांनी कप खाली ठेवला. "त्या घरात गौर तीच सजवते. सासू होती तेव्हापासून. आणि मी इतकी घरं बघितलीत, खोटा दागिना लेकीच्या लग्नात घालणाऱ्या बायका बघितल्यात, नणंदेला खोटं देऊन खरं ठेवणाऱ्या बघितल्यात. पण गौरीच्या गळ्यात जाणूनबुजून खोटं घालणारी एकही नाही. आणि दरवर्षीचा दागिना गौरीला न घालणारीही नाही. चिंचपेटी त्या घरात असेल, तर पूजेदिवशी ती गौरीच्या अंगावर असणार. दिसणार नाही, पण असणार."

"मग जा की बघायला."

"मला कोण गौरीच्या पदराला हात लावू देईल? तुम्ही जा. सवाष्ण बाई ओटी भरायला आली तर त्या दिवशी कुठलंच घर परत पाठवत नाही."

मिस्टर म्हणाले, वेडेपणा आहे. मी खण, नारळ, तांदूळ पिशवीत भरले.

पूजेच्या दिवशी काकांनी गाडी सरनोबतांच्या फाटकाबाहेर थांबवली आणि ते आतच बसून राहिले. मी एकटी गेले. ओसरीवर अमरसिंह, यशराज आणि चार पाहुणे बसले होते. अमरसिंहांनी मला ओळखलं नाही.

"कुठलं पावणं?"

"कोल्हापूरचे. ओटी भरायला आले."

"या की, आत जावा."

आत पुरणाचा वास आणि बायकांची गर्दी. गौर उंच, हिरव्या साडीत. गळ्यात मोहनमाळ, ठुशी, पुतळ्या, आणि त्यावर शेवंतीचा जाड हार. पदर गळ्यापर्यंत घट्ट ओढून पिन लावलेला. संयोगिता शेजारी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभी होती, नाकात नथ, डोळे सुजलेले. मैथिलीचा चेहरा माझ्यावरच गेलाय, तिनं मला ओळखलं. करंडा तिनं छातीशी धरला.

मी ओटी भरली. घाईत थोडे तांदूळ पाटाखाली सांडले. मग कुंकू लावायला म्हणून पुढे झाले आणि हाराआड बोटानं पदर जरासा खाली केला. ठुशीच्या वर, मुखवट्याच्या अगदी कडेला मोत्यांची ओळ होती. एक मोती चहाच्या रंगाचा.

मला वाटलं होतं मी ओरडेन. इतके दिवस मनात तेच करत होते. प्रत्यक्षात पदर पुन्हा वर ओढला. संयोगिताच माझ्या कानाशी आली.

"ताई, पाया पडतो तुमच्या. गौर उठू दे. उद्या शंकरोबा येतोय गौरीला न्यायला, परवा मी स्वतः सांगतो मालकांना."

"परवा? माझी पोरगी लोकांच्या पायरीवर पर्स उलटी करते आहे. का केलंत हे?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "चिठ्ठ्या टाकून वाटायचं ठरलंतं. चिंचपेटी धाकट्या भावजींच्या चिठ्ठीत गेली तर पुण्याला जाईल. त्यांच्याकडं गौर बसवत न्हाईत. आमची गौर चिंचपेटीबिगर बसवू व्हय? आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, मरताना ती माझ्यावर सोपवलीती. म्हनून दुसरी करून घेतली, आन् मालक आंघोळीला गेल्यावर डब्यात घातली. कुणी पारखी आणतील हे कुठं ठावं होतं? भावजींनी आयत्या वेळी काढलं. मग गप्प बसलो. भ्यालो."

"तुम्ही भ्यालात, आणि तक्रार माझ्या पोरीवर."

मला तिची दया येत होती, आणि ती दया मला नको होती. मागच्या बायका पुढे सरकायच्या घाईत होत्या. एक म्हणाली, "अवो, आवरा की, आमालाबी लावू द्या कुक्कू."

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "आत्ता. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगते, आणि मी सांगितलं तर ते चोरी म्हणून सांगेन."

करंडा तिनं माझ्या हातात दिला. बायकांमधून वाट काढत ती ओसरीवर गेली. आम्ही सगळ्या दारात गोळा झालो.

"चिंचपेटी गौरीच्या गळ्यात हाय," ती म्हणाली. आवाज मोठा लागला होता, एरवी बोलत नसावी इतका. "मीच ठेवलीया. त्या पोरीनं न्हाय नेली."

यशराज पहिले उठले. "वहिनी, म्हणजे मला फसवायचं चाललं होतं?"

"तुमाला न्हाय. चिठ्ठीला."

अमरसिंह रागानं लाल होऊन आत निघाले, तशी ती उंबऱ्यात आडवी झाली. "हात लावायचा न्हाय. गौर उठल्यावर काय मारायचं ते मारा." एक म्हातारी बाई मागून ओरडली, "अमर, पूजेच्या दिवशी अंगावरचं वरबाडतोस व्हय रं? अक्कल हाय का?" अमरसिंह थांबले.

मग त्यांनी मला नीट बघितलं. "तुमी त्या पोरीची आई."

"हो. तिला फोन लावा. इथंच, सगळ्यांसमोर."

"आता सण चाललाय, ताई. नंतर..."

"आरोप सगळ्यांसमोर केलात."

त्यांनी फोन लावला, स्पीकर मी चालू करायला लावला. मैथिलीनं "हॅलो" म्हटलं तेव्हा मी तिथंच पायरीवर बसले.

"पोरी, अमरसिंह बोलतोय. चिंचपेटी घावली. घरातच हुती. चूक आमची. तुजं नाव घेतलं, ते आमचं चुकलं."

मैथिली म्हणाली, "राजारामपुरीच्या लोकांनाही फोन करा. नंबर काकांकडे आहे."

कुणीतरी काकांना गाडीतून बोलावून आणलं. ते गौरीसमोर लांब उभे राहिले, हात मागे बांधून. यशराज म्हणाले, "आलाच आहात तर खरीची किंमत सांगून टाका." काका म्हणाले, "आज गौर बसलीय. आज किंमत नाही." मग संयोगितानं पुरणपोळीचं ताट वाढलं आणि ते जेवायला बसले. मी बसले नाही. माझ्यानं त्या घरचं अन्न गिळलं गेलं नसतं. निघताना ती माझ्या कपाळाला कुंकू लावायला आली. मी मान पुढे केली, पण तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. तिचं पुढे काय झालं, अजून मला धड कळलेलं नाही. कधी विचारावंसं वाटतं, कधी नाही.

अमरसिंहांनी राजारामपुरीला फोन केला, हे काकांनी खात्री करून सांगितलं. मैथिलीचं काम चालूच आहे. उद्या सकाळी काकांबरोबर चंदगडला जायचंय, एका घरच्या चांदीच्या मुखवट्यांची किंमत करायला. रस्ता घाटाचा, पाऊस तिकडे अजून थांबलेला नाही. ती झोपली आहे. तिची पर्स दाराच्या खुंटीला लावलेली आहे, आणि मी आता दुसऱ्यांदा उठून बघून आले, चेन नीट लावली आहे ना ते.