खोक्यावरचा रुमाल

लालबागच्या आमच्या चाळीत मी थर्माकोलच्या खोक्यात कोंबडीची अंडी उबवायला ठेवली होती. पिल्लं कवच फोडू लागली की झाकण उघडायचं नसतं. आतला दमटपणा जातो, कवचाखालचा पापुद्रा सुकतो आणि पिल्लू आतच अडकतं. शेजाऱ्यांना हे सांगून माझा घसा बसला. तरी जो तो येऊन झाकण उचलून बघायचा. एक पिल्लू तसंच अडकून मेलं.

आईने खोक्यावर रुमाल टाकला, गणपती घरी आणताना मूर्तीच्या तोंडावर टाकतात तसा. मग कुणाची हात लावायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी आतून चिवचिव ऐकू आली. रुमालाकडे पहिला हात माझाच गेला. आईने त्यावर फटकन चापट मारली. “बाकीची यायचीत अजून.”