गॅसची कॅप्सूल आणि दीड वर्षाचा थकवा

“बेन, मॅग्नेशियम बहुत कम है. आज घर नहीं जाना.” डॉक्टरांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला जास्तच भीती वाटली. रिपोर्टमध्ये एक पूर्णांक सातच्या वर असायला हवा होता तो आकडा शून्य पूर्णांक आठ होता. हायपोमॅग्नेसेमिया, म्हणजे रक्तातलं मॅग्नेशियम घटणं. मी एवढंच विचारलं, जिवाला धोका आहे का? त्यांनी ईसीजीची पट्टी दाखवली. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून मॉनिटर लावून ठेवतो, म्हणाले. 

मी मूळची बुलढाण्याकडची. सतरा वर्षं झाली आम्ही सुरतेतल्या डिंडोलीत राहतो. नवरा कापडाच्या लूमवर कामाला जातो आणि मी घरी खानावळ चालवते. आमच्याच भागातले वीस-बावीस कामगार माझ्याकडे जेवतात. दोन वेळच्या मिळून दोनशेच्या वर पोळ्या होतात. हे मिरवायला सांगत नाही. आळशी बाईला खानावळ चालवता येत नाही, आणि दीड वर्ष मी आळशी ठरले होते, म्हणून सांगते.

सुरुवात अगदी साधी झाली. सकाळचे डबे गेले की मी ओट्याखालीच बसून राहायचे. आंघोळीला उठणंही जिवावर यायचं. पोटऱ्यांत गोळे यायचे, बोटांना मुंग्या यायच्या. डाव्या डोळ्याची पापणी आठवडाभर फडफडत होती. बाईमाणसाचा डावा डोळा लवला की शुभ असतं, असं शेजारणीने सांगितलं. मी शुभाची वाट बघत बसले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सलाईनची बाटली लावली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह झालं. सगळं ठीक. कॅल्शियम थोडं कमी होतं, त्याच्या गोळ्या चार महिने खाल्ल्या, पण ते काही वाढेना. पुढच्या डॉक्टरांनी कागदावर क्रॉनिक फटीग लिहिलं. म्हणजे फार दिवस टिकलेला थकवा. कारण सापडत नाही, ताण घेऊ नका, झोप घ्या, असं ते म्हणाले.

नवऱ्याने तो कागद वाचून घडी घातली. “रिपोर्ट चांगले हायेत ना? मंग अंग चोरणं बंद कर,” तो म्हणाला. माणूस वाईट नाही. तोही घाबरला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मला तेव्हा दोन भीती होत्या. एक, मला काहीतरी मोठं झालंय. दुसरी, मला काहीच झालेलं नाही, मी खरंच कामचुकार झालेय. ही दुसरी भीती मला जास्त खात होती. प्रत्येक रिपोर्ट चांगला आला की मला रडू यायचं.

एका सकाळी पोळ्या लाटताना बोटं लाटण्यावरच आखडली. उघडेनात. नवऱ्याने एकेक बोट सोडवलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याच दिवशी तो मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. कॅल्शियम कमी आलं, पोटॅशियमही कमी आलं. तिथल्या डॉक्टरांनी मग मॅग्नेशियम तपासायला सांगितलं. तो रिपोर्ट येईपर्यंत बाहेरच्या बाकावर चार तास बसलो. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात तीनदा मेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले. कोणतं औषध चालू आहे का, हे मला दीड वर्षात सगळ्यांनी विचारलं होतं आणि मी दरवेळी नाही म्हटलं होतं. यांनी वेगळं विचारलं. “दवा छोड़ो. सुबह उठकर मुँह में क्या-क्या जाता है, वो बताओ.”

मी सांगितलं. मंजन, गॅसची कॅप्सूल, चहा.

त्यांचा पेन थांबला. कधीपासून, त्यांनी विचारलं. सहा वर्षं, मी म्हटलं.

आमच्याकडे गॅसच्या कॅप्सूलला कुणी औषध म्हणत नाही. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, ती बडीशेपेसारखी हातोहात फिरते. माझ्या रश्श्याने ज्यांच्या पोटात जळजळ व्हायची त्यांना मीच ती काढून द्यायचे. मला मात्र ती एका डॉक्टरांनी फक्त पंधरा दिवसांसाठी दिली होती. पुढे मीच मेडिकलमधून आणत राहिले. प्रत्येक तपासणीला जाताना तिचं पाकीट माझ्या पर्समध्ये असायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

डॉक्टरांनी समजावलं. ही कॅप्सूल पोटातलं आम्ल कमी करते, पण वर्षानुवर्षं घेतली तर काहींच्या आतड्यात मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. मॅग्नेशियम नसलं की कॅल्शियम आणि पोटॅशियम कितीही द्या, टिकत नाही. बादलीला भोक असल्यावर नळ सोडून काय उपयोग?

चार दिवस मॅग्नेशियम हळूहळू शिरेतून दिलं. अंग तापल्यासारखं व्हायचं. सिस्टर येऊन छोट्या हातोडीने गुडघ्यावर ठोकून बघायची, पाय उडाला की पुढचा डोस. कॅप्सूल डॉक्टरांनीच बंद केली आणि पोटासाठी दुसरी गोळी दिली. तुम्ही मात्र हे वाचून आपल्या मनाने काही बंद करू नका. फक्त डॉक्टरांना सगळं सांगा, चूर्णसुद्धा. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो. मला उभं राहायला दोन महिने लागले, आणि अजूनही पोटरीत गोळा आला की काळजात धस्स होतं.

हॉस्पिटलात पडल्या पडल्या मला गावाकडची मोठी जाऊ आठवली. ती भर कामात आडवी व्हायची. डॉक्टर म्हणायचे, तिला काही झालेलं नाही. तिला अंगचोर हे नाव मीच पाडलं होतं, आणि सगळे हसायचे तेव्हा मीही हसायचे.

घरी आल्यावर तिला फोन केला. माझं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. 

“तुह्यं रिपोर्टात तरी सापडलं व बाई,” ती म्हणाली. “माह्यं कोण पाहीन?”

ती रविवारी सुरतेला येतेय. त्याच डॉक्टरांकडे तिचा नंबर लावलाय. तिचंही मॅग्नेशियमच निघेल असं नाही, डॉक्टरांनी तसं बजावलंय. कदाचित काहीच निघणार नाही. निघालं नाही तरी ती थकलीय, हे मला मान्य आहे, आणि ती आली की मी हे तिला आधी सांगणार आहे.