वर एक पसा ब्रोमीन

साठच्या दशकात सांगलीच्या आमच्या कॉलेजला पॅरा-ब्रोमोॲनिलीन विकत आणणं परवडत नसे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं ते स्वतःच बनवत आणि सगळ्यांचा माल एकाच तपकिरी बाटलीत जाई. पुढच्या वर्षीची मुलं परीक्षेत त्यापासून नारिंगी रंग बनवत. आमचं पीक, त्यांचं बियाणं.

कृती सोपी, पण ॲनिलीन भारी हावरट. उघड्यावर ब्रोमीन दिसलं, की एकाच्या जागी तीन घेऊन बसतं. म्हणून आधी त्याला ॲसिटिक ॲनहायड्राइडनं झाकायचं, मग मोजकं ब्रोमीन द्यायचं, स्वच्छ धुवायचं आणि शेवटी झाकण काढायचं. मी कराडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. खळ्यावर बलुतेदाराचं माप भरलं, तरी वर एक पसा टाकल्याशिवाय वडिलांचं समाधान होत नसे. मीही ब्रोमीन मोजून घातलं आणि वर थोडं सढळ हातानं ओतलं. धुण्यातही घाई केली, त्यामुळे जास्तीचं ब्रोमीन आतच राहिलं. माल शुद्ध आहे का ते सांगणारा मेल्टिंग पॉइंट तर घेतलाच नाही. वहीत पुस्तकातला सहासष्ट अंश उतरवला आणि सगळ्यांच्या आधी माल बाटलीत ओतून मोकळा झालो.

पुढच्या वर्षी मी तिथंच डेमॉन्स्ट्रेटर झालो. परीक्षेत मिरजेहून येणाऱ्या एका मुलीचा नंबर शेवटचा होता, त्यामुळे तिला बाटलीच्या तळाचा माल मिळाला. म्हणजे माझा. तीन-तीन ब्रोमीन घेऊन बसलेला तो माल तिच्या चंबूतल्या ॲसिडात विरघळेचना. नुसतं पांढरं गढूळ पाणी, रंगाचा पत्ता नाही. नापास झाली तर घरचे तिला पुढं शिकवणार नव्हते, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. ती रडली नाही, खाली मान घालून ढवळत राहिली.

गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिच्याकडे बघवेना. परीक्षा घेणाऱ्या आमच्या केमिस्ट्रीच्या सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या कपाटातली एक पुडी तिला दिली आणि संध्याकाळपर्यंत तिचा नारिंगी रंग तयार झाला. मग त्यांनी बाटली रिकामी करून माझ्या हातात दिली आणि सुट्टीत एकट्यानं भरायला सांगितलं.

तो उन्हाळा मला फार आठवतो. लॅबचे शिपाई सोबतीला असत; फौजेतून आलेले, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. ब्रोमीननं डोळे झोंबले की आम्ही व्हरांड्यात भडंग खात बसायचो. खळ्याची गोष्ट मी त्यांना तिथंच सांगितली होती. एकदा ब्रोमीन घालताना माझा हात थांबेना, तेव्हा मागून मामांचा आवाज आला.

"बास रं गड्या. हे खळं न्हवं."

जूनमध्ये भरलेली बाटली सरांपुढे ठेवली. त्यांनी बूचसुद्धा काढलं नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीवर 'तपासले' असं लिहून खाली सही केली आणि छत्री घेऊन निघाले. एवढा भरवसा मला पेलवेना. ते फाटकाबाहेर गेल्यावर मी चिमूटभर माल काढून मेल्टिंग पॉइंट पुन्हा घेतला. सहासष्टला वितळला, तेव्हा कुठं लॅबला कुलूप लावलं.